वाचकांचे प्रश्न : जपानी रॅप कुठून ऐकायला घ्यावा?

जपानी रॅपबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. जिथे लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरं असा प्रकार आहे, तिथे तसं सांगितलं आहे, कारण शोधताना घोळ नेमका तिथेच होतो.

'मॅशल' या मालिकेचं 'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न' ऐकल्यापासून क्रीपी नट्सचा नाद लागला आहे. पुढे काय ऐकू? (कोल्हापूर)

क्रीपी नट्स म्हणजे दोघंच. रॅपर आर-शितेई हा ओसाका प्रांतातल्या साकाईचा, आणि डीजे मात्सुनागा निइगाता प्रांतातल्या नागाओकाचा. २०२४ च्या जानेवारीत ते गाणं जगभर वाजलं, पण दोघंही त्याच्या कितीतरी आधी आपापल्या आखाड्यात सिद्ध झाले होते. आर-शितेईने 'अल्टिमेट एमसी बॅटल' ही देशपातळीवरची रॅपची झुंज २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीनदा जिंकली. मात्सुनागा २०१९ मध्ये 'डीएमसी' या डीजेंच्या जागतिक स्पर्धेत पहिला आला.

तुम्ही ऐकलेलं गाणं जर्सी क्लब पद्धतीच्या ठेक्यावर आहे. उड्या मारणारा, तुटक, अतिशय वेगवान ठेका. त्यावर शब्द बसवण्यात आर-शितेईची कसरत दिसते, पण त्याची लेखणी दिसत नाही. ती पाहायची तर त्यांच्याच २०२१ च्या 'केस' या अल्बममधलं 'नोबिशिरो' ऐका. संथ आहे, स्पष्ट आहे. तिशीत शिरताना अजून वाढायला जागा उरली आहे, एवढाच विषय आहे.

तिथून पनपीच्या 'मॉडर्न टाइम्स' (२०१७) या अल्बमकडे जा. सुरुवातीलाच २०५७ साल आहे आणि म्हातारा झालेला पनपी आपल्या या पहिल्या एकल अल्बमची आठवण सांगतो आहे. ही गंमत शेवटपर्यंत पुरते, म्हणून गाणी मागेपुढे करून ऐकू नका. पनपी टोकियोच्या इताबाशी भागातला. त्याचा धाकटा भाऊ स्लॅक हाही तितकाच ऐकण्यासारखा. त्याचं नाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षराच्या जागी ५ हा आकडा घालतात. आकडा न घालता शोधलंत तर भलतेच लोक सापडतील. दोघा भावांनी गॅपर या तिसऱ्या रॅपरबरोबर पीएसजी नावाने २००९ मध्ये 'डेव्हिड' हा अल्बम काढला. पनपी आवडला तर तो ऐकाच.

एक करू नका. क्रीपी नट्सवरून थेट १९९५ च्या अल्बमवर उडी मारू नका. त्या काळचे ठेके मोकळे, सावकाश. जर्सी क्लबला सोकावलेल्या कानाला ते रिकामे वाटतात आणि माणूस पाच मिनिटांत बंद करतो. मध्ये एखाद-दुसरा टप्पा लागतोच.

पुण्यात जपानी शिकते आहे, एन-३ (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) पास झाले. बातम्या बऱ्यापैकी कळतात, पण रॅपमधलं एक वाक्य लागत नाही. कान कच्चा आहे का? (पुणे)

कान कच्चा नाही. वर्गातली जपानी आणि रॅपमधली जपानी यांत तीन-चार ठिकाणी फारकत होते. ती ठिकाणं माहीत झाली की बराच गुंता सुटतो.

पहिली गोष्ट मोजमापाची. जपानीत शब्दाची लांबी मात्रांनी मोजतात आणि 'न्' किंवा जोडाक्षराआधीचा थांबा यांनाही पूर्ण मात्रा मिळते. 'निप्पोन' हा शब्द तुमच्या बाईंनी चार टाळ्यांत शिकवला असेल: नि-प्-पो-न्. रॅपर मात्र 'निप्' आणि 'पोन्' असे दोनच ठोके घेतो. इंग्रजी रॅपच्या ठेक्यात बसायचं तर हे करावंच लागतं. तुमचा कान चार ठोक्यांची वाट पाहत बसतो, तोवर गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असतं. त्यात 'इ' आणि 'उ' हे स्वर क, स, त अशा अघोष व्यंजनांच्या सापटीत गिळले जातात. 'सुकी' चं 'स्की' होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. रॅपमध्ये हे गिळणं जास्त होतं, आणि ठेका भरायचा असेल तेव्हा नेमकं उलट, तोच स्वर ताणला जातो.

दुसरी गोष्ट वाक्याची. जपानी वाक्य क्रियापदाने संपतं, म्हणून ऐकताना आपण शेवटच्या क्रियापदावर अर्थाची गाठ मारतो. रॅपमध्ये ते क्रियापद बहुतेकदा येतच नाही. ओळ नामावर तोडून टाकतात, 'वा', 'ओ' हे प्रत्यय गळतात, कर्ता शेवटी फेकला जातो. हा आळस नाही. सगळ्या ओळी 'देस' आणि 'मास' या क्रियापदाच्या ठरावीक शेवटांवर संपल्या तर यमकाला काही किंमतच राहत नाही, म्हणून ही युक्ती निघाली. १९९५ मध्ये किंग गिडोरा या त्रयीने 'सोरा कारा नो चिकारा' हा अल्बम काढला. झीब्रा, के डब शाइन आणि डीजे ओएसिस हे ते तिघे. ओळीच्या शेवटी लांबलचक नाम आणून त्याच्या स्वरांशी पुढच्या नामाचे स्वर जुळवायचे, ही पद्धत तिथे इतकी पक्की झाली की नंतरच्या पिढ्यांनी ती पाठ्यपुस्तकासारखी गिरवली.

स्वर जुळवणं म्हणजे काय, ते जवळून पाहू. जपानी यमक व्यंजनांकडे फारसं पाहत नाही. 'कारादा' (शरीर), 'आतामा' (डोकं) आणि 'साकाना' (मासा) या तिन्हींत आ-आ-आ आहे, म्हणून ते एकमेकांचे यमक. हे झालं बाळबोध उदाहरण. 'तोमोदाची' (मित्र) आणि 'ओमोताई' (जड) यांत ओ-ओ-आ-इ असे चार स्वर जुळतात, आणि मित्राबद्दलची ओळ 'जड' वर येऊन आदळली की अर्थालाही धार येते. चांगला रॅपर सहा-सात स्वर असे जुळवतो आणि तरी वाक्य ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही. मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे. जपानीतले पाचही स्वर आपल्या आ-इ-उ-ए-ओ च्या इतके जवळचे आहेत की देवनागरीत लिहून काढले की जुळणी डोळ्यांना दिसते.

तिसरी अडचण छापील शब्दांची. गीतांच्या पत्रकावर चित्राक्षरं एका शब्दाची असतात आणि गायक म्हणतो दुसराच. 'रियू' (कारण) असं लिहायचं आणि 'वाके' म्हणायचं, 'होन्की' (मनापासून, खरोखर) लिहायचं आणि 'माजी' म्हणायचं, हे सर्रास चालतं. पत्रक समोर असूनही ऐकलेलं जुळत नसेल तर आधी हा संशय घ्या.

सराव असा करा. एका वेळी सोळाच बार (एक बार म्हणजे चार ठोके) घ्या. मिनिटाला ९० ठोक्यांच्या गाण्यात ते साधारण ४३ सेकंदांचे होतात. पहिल्या खेपेला अर्थाच्या मागे लागू नका, फक्त प्रत्येक ओळीचे शेवटचे तीन-चार स्वर देवनागरीत टिपा. दुसऱ्या खेपेला पत्रक समोर ठेवा आणि टिपलेले स्वर कोणत्या शब्दांचे होते ते शोधा. शब्दकोश तिसऱ्या खेपेला उघडा, आधी नाही. मग वेग पाऊणपट करून बरोबर म्हणा. अर्ध्यावर आणू नका, आवाज फाटतो आणि गिळलेले स्वर आणखीच कळेनासे होतात.

माणसं निवडताना उच्चार पाहा. राइमस्टर या वासेदा विद्यापीठातून १९८९ मध्ये निघालेल्या गटातला उतामारु हा रेडिओवरचा निवेदकही आहे. त्याचा प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो. त्यांचा 'मॅनिफेस्टो' (२०१०) तुमच्यासाठी योग्य. झोर्न हाही चांगला. तो टोकियोच्या कात्सुशिका भागातला, घर-संसारावर लिहिणारा. कपडे वाळत घालणं हेसुद्धा हिपहॉपच, अशी त्याची एक ओळ फार गाजली. शब्द रोजचे, यमकं मात्र लांबच लांब. कोह या रॅपरचे शब्द तर इतके साधे असतात की एन-४ वाल्यालाही पुरतील. उलट बुद्धा ब्रँड आणि किड फ्रेसिनो सध्या बाजूला ठेवा. पहिल्यात इंग्रजी-जपानीची मुद्दाम केलेली खिचडी आहे, दुसरा एका ओळीत दोन भाषांतून ये-जा करतो. दोन्ही उत्तम, पण भाषा शिकण्यासाठी नव्हे.

आणि हो, या गाण्यांतलं 'ओरे' (मी), 'ओमाए', 'तेमे' (तू) वर्गात किंवा नोकरीच्या मुलाखतीत तोंडातून जाऊ देऊ नका. अरे-तुरेच्याही खालचा सूर आहे तो.

नुजाबेस आणि शिंगो-टू यांची 'लव्ह सिक' मालिका पाठ आहे. जपानी रॅपची ओळख झाली असं समजू का? (नाशिक)

अर्धीच झाली. 'लव्ह सिक' चे सहा भाग २००१ पासून येत गेले. २०१० च्या फेब्रुवारीत ठेके बांधणारा नुजाबेस रस्ता अपघातात गेल्यावर शेवटचे तीन भाग बाहेर आले आणि २०१५ मध्ये सगळे 'हेक्सॉलॉजी' नावाने एकत्र मिळाले. सुंदर काम आहे, वाद नाही. पण त्यातला रॅप इंग्रजीत आहे. 'सामुराई चाम्प्लू' (२००४) या मालिकेचं 'बॅटलक्राय' हेही इंग्रजीतच. म्हणजे जपानी माणसाने केलेला इंग्रजी रॅप तुम्ही ऐकलात.

शिंगो-टूचं बालपण टांझानिया आणि इंग्लंडमध्ये गेलं, पुढे तो कॅलिफोर्नियात राहिला, त्यामुळे दोन्ही भाषा त्याच्या हातच्या. जपानीतला शिंगो-टू ऐकायचा तर '४००' (२००२) आणि 'वाइक्योकु' (२००८) हे अल्बम घ्या. तो इथे मवाळ नाही, राजकीय आहे, कडवट आहे, आणि 'लव्ह सिक' सारखा रेशमी ठेका मिळेल या आशेने गेलात तर पहिल्याच गाण्याला परत याल. नाव शोधताना 'शिंग' नंतर ०२ हे आकडे टाका.

जुन्या जपानी रॅपबद्दल वाचताना १९९६ चा उल्लेख सारखा येतो. त्या वर्षी असं काय झालं? (नागपूर)

७ जुलै १९९६. टोकियोच्या हिबिया बागेतल्या खुल्या रंगमंचावर भर पावसात 'सानपिन कॅम्प' नावाचा कार्यक्रम झाला. आयोजक होता ईसीडी हा रॅपर. का झाला ते कळायला दोन वर्षं मागे जावं लागतं. १९९४ मध्ये दोन रॅप गाणी घराघरांत पोचली. एक स्चा दारा पार या त्रयीने केन्जी ओझावा या गायकाबरोबर केलेलं 'कोन्या वा बूगी बॅक', दुसरं ईस्ट एंड आणि युरी यांचं 'दा.यो.ने', ज्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. दोन्ही हलकीफुलकी, गप्पा मारल्यासारखी. कंपन्यांनी त्याला 'जे-रॅप' असं गोंडस नाव दिलं. रात्री क्लबांत घाम गाळणाऱ्या मंडळींना ते झोंबलं. 'जे-रॅप मेला, मीच मारला' अशा अर्थाची ईसीडीची त्या दिवशीची घोषणा आजही सांगितली जाते. मंचावर बुद्धा ब्रँड, राइमस्टर, मुरो, शाक्काझॉम्बी अशी नावं होती.

म्हणून १९९६ ही रेघ धरतात. पण ती रेघ फार जाड समजू नका. ईस्ट एंड हा गट राइमस्टरच्याच 'फंकी ग्रामर युनिट' या मित्रमंडळातला होता; कडक आणि मऊ अशा दोन छावण्या पुढे लोकांनी रंगवल्या तितक्या वेगळ्या नव्हत्या. स्चा दारा पारला 'पोरकट' म्हणून बाजूला सारणारे बरेच भेटतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. बोलता बोलता विनोद करून यमक लपवणं हे गुरगुरण्यापेक्षा अवघड आहे.

त्या वर्षाचं काय ऐकायचं? बुद्धा ब्रँडचं 'निन्गेन हात्सुदेन्शो' म्हणजे 'मानवी वीजकेंद्र', आणि लॅम्प आयचं 'शोगेन' म्हणजे 'साक्ष'. 'शोगेन' मध्ये सात रॅपर एकामागून एक साक्ष दिल्यासारखे येतात: रिनो, यू द रॉक, जी. के. मारियन, झीब्रा, ट्विगी, गामा, देव लार्ज. हा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा. नवख्याला सातही आवाज एकच वाटतात. क्रम हाताशी असला की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ट्विगीचा पातळ, घसरता आवाज आणि झीब्राचा घोगरा आवाज आपोआप वेगळे पडतात. देव लार्ज २०१५ मध्ये गेला, ईसीडी २०१८ मध्ये.

त्याआधीच्या काळाचा शोध घ्यायचा असेल तर इतो सेइको याचा १९८६ चा 'केन्सेत्सुतेकी' घ्या. ऐतिहासिक म्हणून ऐकावा, एकदा.

आम्ही मराठीत रॅप लिहितो. जपान्यांकडून काही घेण्यासारखं आहे का? (मुंबई)

आहे, कारण दुखणं सारखंच आहे. मराठी वाक्यही क्रियापदावर संपतं, आणि प्रत्येक ओळीला 'आहे', 'पाहे', 'राहे' करत बसलं की चौथ्या ओळीला ऐकणारा पुढचं यमक स्वतःच म्हणतो. जपान्यांचा उपाय सरळ उचलता येतो: ओळ नामावर तोडा, क्रियापद ओळीच्या मध्ये घ्या किंवा गाळा, आणि यमक एका अक्षराचं न ठेवता चार अक्षरांचं करा. 'गाडीवाला' आणि 'भाजीपाला' यांत आ-ई-आ-आ चारही स्वर जुळतात.

नुसत्या स्वरांवर मात्र विसंबू नका. 'गाडीवाला' आणि 'काळी छाया' यांचेही स्वर तेच आहेत, पण मराठी कान त्याला यमक मानायला कुरकुरतो. जपानीत 'न्' सोडला तर जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वराने संपतं, म्हणून तिथे स्वरच ऐकू येतो. आपल्याकडे 'घर', 'पाऊस', 'रस्त्यात' असे व्यंजनावर आपटणारे शब्द ढिगाने, आणि ते शेवटचं व्यंजन कानात राहतं. तेव्हा मधल्या अक्षरांचे स्वर जपानी पद्धतीने जुळवा आणि शेवटच्या अक्षराचं व्यंजन आपल्या पद्धतीने. आकाराने सारख्या शब्दांची वही करायची तर ती वर्णानुक्रमे न करता स्वरांच्या क्रमाने करा. आ-ई-आ-आ चं एक पान, ओ-आ-ई चं दुसरं.

'टोकियो ड्रिफ्ट' गाणारे तेरियाकी बॉइज म्हणजे जपानी रॅपमधले मोठे लोक का? (सोलापूर)

इलमारी आणि र्‍यो-झी हे रिप स्लाइम या लोकप्रिय गटातले, व्हर्बल हा एम-फ्लोमधला, चौथा वाइज, आणि डीजे म्हणून फॅशनच्या दुनियेतला निगो. म्हणजे मोठे लोक नक्की, पण हा त्यांचा जोडधंदा. ते गाणं २००६ च्या अमेरिकी चित्रपटासाठी द नेपच्यून्स या अमेरिकी जोडीने बांधलं. मजेचं आहे. व्हर्बल खरा ऐकायचा तो एम-फ्लोच्या 'कम अगेन' (२००१) मध्ये.

टोकियोबाहेरचं कोण ऐकावं? शहरागणिक फरक पडतो का? (रत्नागिरी)

पडतो, आणि आमच्या मते जपानी रॅपमधला सर्वांत चविष्ट भाग हाच.

नागोयाचा टोकोना-एक्स घ्या. २००४ च्या 'तोकाई तेइओ' या अल्बममध्ये तो नागोयाच्या रांगड्या बोलीत, अंगावर आल्यासारखा बोलतो. त्यातल्या गाजलेल्या गाण्याचं शीर्षक काबुकी नाटकातल्या एका प्रसिद्ध चोराच्या तोंडच्या वाक्यावरून घेतलं आहे: 'माहीत नसेल तर सांगतो, ऐका'. त्या वाक्याच्या शेवटच्या 'शो' च्या जागी त्याने इंग्रजी 'शो' बसवला. दीडशे वर्षांपूर्वीची बढाई आणि रॅपमधली बढाई एका अक्षरावर सांधली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या २६ व्या वर्षी तो गेला. नागोयाचे रॅपर आजही त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत.

उत्तरेला सप्पोरोत था ब्लू हर्ब. इल-बॉस्तिनो हा रॅपर आणि ओएनओ हा ठेका बांधणारा यांनी १९९७ मध्ये गट काढला, स्वतःचंच लेबल ठेवलं आणि टोकियोकडे पाठ करून टोकियोलाच आव्हान दिलं. पहिला अल्बम 'स्टिलिंग, स्टिल ड्रीमिंग'. यात यमकांची आतषबाजी नाही. लांब, जड, प्रवचनासारखी वाक्यं आहेत. भाषा येत नसेल तर हा गट पहिल्या महिन्यात घेऊ नका, फक्त एक माणूस रागावून बोलतोय एवढंच कळेल.

क्योटोचा अनार्की हा मुकाइजिमाच्या सरकारी वसाहतीतला. देवळं-बागांचं क्योटो त्याच्या गाण्यात नाही. कावासाकीच्या कारखानपट्ट्यातून बॅड हॉप आले. टी-पाब्लो आणि यझर हे जुळे भाऊ त्यांचा कणा. टी-पाब्लोने २०१२ मध्ये शाळकरी मुलांची पहिली रॅप स्पर्धा जिंकली, आणि १९ फेब्रुवारी २०२४ ला गटाने टोकियो डोम भरवून तिथेच आपला शेवटचा कार्यक्रम केला. सेन्दाईचा गॅगल हा जॅझच्या अंगाचा, शांत.

सीडाला कोणत्या खान्यात टाकायचं ते ठरवणं कठीण. लहानपणाचा काही काळ लंडनमध्ये गेलेला हा रॅपर सुरुवातीला इतकं इंग्रजी मिसळायचा की दोन्हीकडच्यांना कळायचा नाही. २००६ च्या 'हाना तो आमे' मध्ये त्याने जपानी स्वच्छ केली. शीर्षकगीत गेलेल्या बहिणीवर आहे. एकच अल्बम घ्यायचा असेल तर कोणता, असं कुणी विचारलं तर आम्ही हा सांगू.

स्त्री रॅपर कोणत्या? (पणजी)

एविचपासून सुरुवात करा. ओकिनावातल्या नाहा शहरातली, १९८६ चा जन्म. अमेरिकी लष्करी तळांच्या सावलीत वाढली, एकोणिसाव्या वर्षी अटलांटाला गेली, तिथे लग्न झालं, नवऱ्याची हत्या झाली, मुलीला घेऊन परत आली. '८' (२०१७) या अल्बमने ती पुन्हा उभी राहिली आणि 'क्वीन्डम' (२०२२) ने शिखरावर गेली. 'क्वीन्डम' चं शीर्षकगीत म्हणजे वरचा सगळा वृत्तान्त तिच्या तोंडून. आधी हा तपशील माहीत करून घ्या आणि मग ऐका, कारण ती काहीच समजावून सांगत नाही, घटनेवरून घटनेवर जाते. 'रासेन इन ओकिनावा' (२०२३) मध्ये ती त्सुबाकी, ओझवर्ल्ड आणि चिको कार्लितो या बेटावरच्याच तिघांबरोबर आहे. ओकिनावाचा एकत्र सूर ऐकायला ते एक गाणं पुरे.

तिच्याआधीच्यांत रुमी आणि कोमाची. कोमाची २००५ मध्ये 'बी-बॉय पार्क' च्या झुंजीत अंतिम फेरीपर्यंत पोचली, आणि राइमस्टरच्या 'बी-बॉयइझम' ला २००९ मध्ये 'बी-गर्लइझम' ने उत्तर दिलं. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. नव्यांत युरुफुवा गँगची नेने. तिचा रॅप अर्थापेक्षा आवाजाच्या खेळासाठी ऐकायचा.

'मामुशी' मधला युकी चिबा आणि कोह एकच का? (औरंगाबाद)

एकच. टोकियोच्या किता भागातला हा रॅपर कोह नावाने 'मोनोक्रोम' (२०१४) आणि 'डर्ट' (२०१५) मुळे गाजला, २०२० मध्ये 'वर्स्ट' हा अल्बम काढून थांबला आणि पुढे चिबा युकी या नावाने परतला. 'टीम तोमोदाची' आणि मेगन दी स्टॅलियनबरोबरचं 'मामुशी' ही दोन्ही गाणी २०२४ ची. नावं दोन असल्याने ऐकण्याच्या ॲपवर पानंही वेगळी असतात. एक पान पाहून 'याची गाणी थोडीच' असं समजू नका.

नोकरीसाठी टोकियोत निशी-कासाईला राहतो. रॅपची झुंज किंवा क्लबमधला कार्यक्रम पाहायचा आहे. काय तयारी लागते? (टोकियो)

आधी कार्यक्रम दिवसाचा की रात्रीचा ते पाहा. दिवसाचे संध्याकाळी सुरू होऊन नऊ-साडेनऊला संपतात. रात्रीचे दहा-अकराला सुरू होतात आणि पहाटे पाचपर्यंत चालतात. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास, पहिली पाचच्या सुमारास. मधल्या वेळात टॅक्सीशिवाय परत फिरता येत नाही. रात्रीच्या कार्यक्रमाला २० वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. जपानमध्ये सज्ञान होण्याचं वय २०२२ पासून १८ झालं, पण दारूचं वय २० च राहिलं, म्हणून. निवासकार्ड मूळच न्या. फोनमधला फोटो दारावर चालत नाही. तिकिटाच्या रकमेशिवाय आत शिरताना पेयाचे साधारण ६०० ते ७०० येन रोख मागतात. शंभर येनची नाणी लॉकरसाठी जवळ ठेवा, पाठीवर पिशवी घेऊन गर्दीत उभं राहिलात तर मागचे वैतागतील. आगाऊ तिकीट काढताना बऱ्याच ठिकाणी जपानी फोन क्रमांक लागतो. पैसे कोपऱ्यावरच्या कॉन्बिनीत, म्हणजे किरकोळ वस्तूंच्या दुकानात, भरता येतात.

झुंजीचे नियम पहिल्या फेरीआधी डोक्यात असू द्या. दोघे रॅपर जान्केन, म्हणजे कागद-कात्री-दगड, करतात. जिंकणारा आधी बोलायचं की नंतर ते निवडतो, आणि बहुतेक जण नंतर निवडतात, कारण समोरच्याच्या शब्दांवर उत्तर देता येतं आणि शेवटचा शब्द आपला राहतो. सर्वसाधारणपणे प्रत्येकाला आठ-आठ बार, दोन पाळ्या. ९० च्या ठेक्यावर आठ बार म्हणजे जेमतेम २१ सेकंद. घरून पाठ करून आणलेल्या ओळी प्रेक्षकांच्या लगेच लक्षात येतात, कारण त्या समोरच्याच्या बोलण्याला कुठे चिकटत नाहीत. निकाल अनेकदा प्रेक्षकांच्या ओरडण्यावर ठरतो. ओरडायचं एकाच रॅपरसाठी. दोघांसाठी ओरडणारा नवखा शेजाऱ्यांना चालत नाही.

मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला जपानी रॅप ऐकायचा आहे. काय लावून देऊ? (ठाणे)

स्चा दारा पार आणि रिप स्लाइम निर्धास्त लावा. किक द कॅन क्रूचं 'क्रिसमस ईव्ह रॅप' (२००१) ही चालेल. त्याला चित्रमालिका आवडत असतील तर आणखी दोन-तीन वर्षांनी 'ऑड टॅक्सी' (२०२१) दाखवा. संगीत पनपी, वावा आणि ओएमएसबी यांचं आहे, आणि त्यातला यानो हा गुंड संपूर्ण मालिकाभर यमकातच बोलतो, कारण त्याला आवाज दिला आहे मेटिओर या रॅपरने. बॅड हॉप, अनार्की आणि सीडा एवढ्यात नकोत. त्यांत अमली पदार्थ आणि मारामारी आहे, आणि हल्ली गाण्याखाली अनुवाद येतो, त्यामुळे त्याला कळणार नाही या भरवशावर राहू नका.